मी एकटीच होते

लुंबिनी जोंधळे आणि मी एकाच वर्षी नांदेडच्या नर्सिंगच्या शाळेत दाखल झालो. ती अर्धापूरची, मी नांदेडातलीच, इतवाऱ्यातली. शाळेच्या नियमाप्रमाणे मलाही हॉस्टेलातच राहावं लागलं, आमच्या खाटा शेजारी लागल्या आणि तेवढ्यावर मैत्री जमली. तिचे वडील साहेबरावकाका पाटबंधारे खात्यात कालव्यावर चौकीदार होते. आई सरजामावशी केळीच्या बागांत घड वाहायला जायची. महिन्यातून एकदा काका सायकलवर केळीचा एक फणा बांधून हॉस्टेलवर यायचे आणि त्यातला अर्धा माझ्यासाठी वेगळा काढून ठेवायचे. मला ते "पोरी" म्हणायचे, लुंबिनीलाही "पोरी"च म्हणायचे, त्यामुळे त्यांनी हाक मारली की आम्ही दोघी वळून बघायचो.

त्र्याण्णव साली गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी भूकंपाची बातमी आली. तिसऱ्या दिवशी आमच्या वर्गातल्या बारा मुलींना कापूस, डेटॉल आणि सलाइनच्या पेट्यांबरोबर एका ट्रकमध्ये बसवून लातूरच्या पुढे नेलं. त्या गावाचं नाव सांगून उपयोग नाही, आता ते त्या जागी नाही. पांढऱ्या मातीचे आणि दगडांचे ढीग होते, आणि ढिगांवर बसलेली माणसं. रडत कुणीच नव्हतं. आम्ही वीस वर्षांच्या होतो. जखमा धुवायच्या, टाके घातलेल्यांच्या पट्ट्या बदलायच्या आणि सोलापूरला न्यायच्या माणसांना गाडी येईपर्यंत पाणी पाजत बसायचं, एवढंच आमचं काम.

आमच्या तंबूत शरणम्मा नावाची म्हातारी होती. माळवद अंगावर येऊन तिचं कंबरडं मोडलं होतं. नवरा आणि दोन नातवंडं ढिगाखाली गेली होती. ती निम्मं मराठी, निम्मं कानडी बोलायची. तिला सोलापूरला न्यायची गाडी आली तशी तिनं लुंबिनीचा हात धरला आणि स्वतःच्या कनवटीकडं बोट दाखवलं. लुंबिनीनं गाठ सोडली. आत एका फडक्यात बोरमाळ आणि दोन पाटल्या होत्या.

"तगो, अव्वा, घे हे," म्हातारी म्हणाली. "दवाखान्यात कोण काढून घेईल, कळायचं पण नाही. माझ्या मगळूला दे, लेकीला. लक्ष्मम्मा. निलंग्याकडं दिलीय. येईल ती मला हुडकत."

लुंबिनी नको म्हणत होती. "आजी, मी कुठं सांभाळू? तलाठ्याकडं द्या."

मीच म्हणाले, "घे गं. म्हातारीच्या जिवाला बरं वाटेल."

तिनं घेतलं. मी बघत होते. फडकं तिनं आपल्या पिशवीत कापसाच्या गुंडाळीखाली ठेवलं. म्हातारीला उचलून गाडीत ठेवलं आणि गाडी गेली.

पुढचे दोन दिवस लुंबिनी प्रत्येक तंबूत जाऊन विचारत होती, निलंग्याकडची लक्ष्मम्मा आली का. एकदा ती तहसीलच्या मंडपातही गेली, पण तिथं धान्यासाठी रांग लागली होती आणि तिचं ऐकायला कुणाला वेळ नव्हता. तिसऱ्या दिवशी आमची तुकडी परत पाठवायचं ठरलं. लुंबिनी म्हणाली, "आपण निलंग्याला जाऊ, स्वतः देऊ." मी हो म्हणाले.

तोवर ढिगांतून दागिने, भांडी पळवणाऱ्यांच्या टोळ्या यायला लागल्या होत्या. पोलिसांनी रस्त्यावर दोर बांधला होता आणि बाहेर जाणाऱ्या प्रत्येकाची पिशवी उघडून बघत होते. आम्ही बाराजणी रांगेत उभ्या राहिलो. लुंबिनी माझ्या पुढं होती. महिला शिपायानं कापसाची गुंडाळी काढली आणि फडकं उलगडलं.

"हे कुणाचं?"

"शरणम्मा आजीचं. तिच्या लेकीला द्यायचंय."

"कुठंय ती?"

"सोलापूरला नेली."

फौजदारानं वायरलेसवर विचारून घेतलं. थोड्या वेळानं उत्तर आलं की त्या नावाची बाई सोलापूरला पोचली आणि आदल्या दिवशी वारली. तो लुंबिनीकडं बघत म्हणाला, "मेलेल्या माणसाचं नाव बरं सुचतं तुम्हाला. तुला देताना कुणी बघितलं? तुझ्याबरोबर कोण होतं?"

मी तिच्या मागं दोन हातांवर उभी होते. तिनं मान वळवून माझ्याकडं बघितलं नाही.

"कुणी न्हाई," ती म्हणाली. "मी एकटीच होते."

माझ्या पिशवीत कंगवा, वही आणि एक साडी निघाली. मला पुढं जाऊ दिलं. आम्ही अकराजणी ट्रकमध्ये बसलो आणि ट्रक निघाला. मी मागं बघितलं तेव्हा ती जीपच्या सावलीत जमिनीवर बसली होती आणि कुणीतरी कागदावर तिचं नाव लिहीत होतं.

घरी येऊन मी अब्बांना सगळं सांगितलं. माझे अब्बा मकबूल घड्याळवाले. इतवाऱ्यात त्यांचं छोटं दुकान होतं. त्यांनी डोळ्यावरचं भिंग काढून ठेवलं. मग म्हणाले, "चुप रह बेटा. उसने खुद बोल दिया ना कि अकेली थी? कागज पे नाम चढता है तो उतरता नहीं. तेरे पीछे तीन बहनें हैं." मी चूप राहिले. अब्बांचा दोष नाही. ते घरातून बोलत होते, तिथं रांगेत मी होते.

लुंबिनी नऊ दिवस कोठडीत होती. साहेबरावकाकांनी जामीन दिला आणि तिला घरी आणलं. नंतर ते दोन दिवस नर्सिंगच्या शाळेच्या पायरीवर बसून राहिले, तेव्हा कुठं तिला परीक्षेला बसू दिलं. ती आमच्या वर्गात तिसरी आली. माझा नंबर अकरावा होता. हॉस्टेलात परत आली त्या दिवशी तिनं आधी खाट झटकली, मग मला म्हणाली, "अख्तरी, त्यावर बोलायचं न्हाई आपण. दोघी अडकून काय फायदा?" मी तिच्या गळ्यात पडून रडले. मला फार हलकं वाटलं होतं, हे आज कबूल करते.

शहाण्णव साली जिल्हा परिषदेच्या नर्सच्या जागा निघाल्या. आम्ही दोघीही निवडलो गेलो. मग पडताळणीचा फॉर्म आला. त्याच्या अकराव्या रकान्यात विचारलं होतं, आपणास कधी अटक झाली आहे काय, आपल्यावर गुन्हा नोंद आहे काय. मी "नाही" लिहिलं. लुंबिनीचा फॉर्म अर्धापूरला ओसरीवर बसून भरला, मी तिथंच होते. सरजामावशी म्हणाली, "न्हाई लिही की. कोण बघून राहिलंय?"

साहेबरावकाका भडकले. "खरं ते लिहायचं. आपण कुणाचं खाल्लं न्हाई, घेतलं न्हाई. कायदा हाय, घटना हाय, ती आपल्यासारख्यासाठीच हाय. खऱ्याला कशाला भ्यायचं?"

तिनं "होय" लिहिलं आणि खाली चार ओळींत सगळी हकीकत लिहिली. माझा हुकूम महिन्याभरात आला. तिला पत्र आलं की प्रकरण न्यायप्रविष्ट असल्यामुळे नियुक्ती देता येत नाही.

खटला तालुक्याच्या कोर्टात होता. अर्धापूरहून नांदेड, नांदेडहून लातूर, लातूरहून पुढं. काका रजा काढून तिच्याबरोबर जायचे. कधी सरकारी वकील नसायचे, कधी साक्षीदार. पंच दुसऱ्या जिल्ह्यात राहायला गेले होते. फौजदाराची बदली झाली होती. लक्ष्मम्माला काढलेलं समन्स दर वेळी परत यायचं. त्यावर शेरा असायचा, पत्ता सापडत नाही.

अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात काका एकटेच माझ्या उपकेंद्रावर आले. मी लसीकरणाचं रजिस्टर भरत होते. पाणी पिऊन झाल्यावर ते म्हणाले, "पोरी, एक इचारतो. तू तर त्या टायमाला तिथंच होतीस. तुला काही दिसलं असंल, म्हातारीनं देताना... वकील म्हणतो, एक जरी साक्षीदार मिळाला तरी केस पार पालटंल."

माझी नोकरी तेव्हा पक्की व्हायला चार महिने बाकी होते. लग्न ठरलं होतं. मी म्हणाले, "काका, मी दुसऱ्या तंबूत होते."

"हाव का," ते म्हणाले. "बरं. लुंबिनी बी तेच म्हणती. मला वाटलं, इचारून बघावं." आणि त्यांनी पिशवीतून केळी काढून माझ्या टेबलावर ठेवली.

दोन हजार एक साली निकाल लागला. लुंबिनी सुटली. सरजामावशीनं गल्लीत पेढे वाटले, मलाही नांदेडला पाठवले. काका निकालाची नक्कल घेऊन जिल्हा परिषदेत गेले. तिथल्या कारकुनानं शेवटचं पान वाचून त्यांच्यासमोर धरलं.

"हे बघा, काय लिहिलंय. सबळ पुराव्याअभावी, संशयाचा फायदा देऊन."

"म्हंजे सुटलीच की."

"सुटली. पण हिनं केलंच नाही, असं कुठं म्हटलंय? सिद्ध झालं नाही, एवढंच म्हटलंय. त्यात फरक असतो. आणि तुमची ती निवड यादी कधीच संपली."

काका घरी आले आणि त्यांनी ते पान लुंबिनीला पुन्हा वाचायला लावलं. जणू तिनं वाचलं तर वेगळं निघेल.

दोन हजार चारमध्ये परत जाहिरात आली. वयाची अट अजून जमत होती. या वेळी कुणीतरी सांगितलं, तुम्ही निर्दोष सुटल्या, आता तुमच्यावर काही नाही, सरळ "नाही" लिहा. काकांचाही जोर ओसरला होता. खरं लिहून काय झालं ते त्यांनी बघितलं होतं. लुंबिनीनं "नाही" लिहिलं.

तिला हदगाव तालुक्यात उपकेंद्र मिळालं. चौदा महिने तिनं नोकरी केली. मी एकदा भेटायला गेले होते. दोन खोल्यांचं केंद्र, पण आत शिरताच फिनेलचा वास. टेबलावर स्वच्छ कापड, भिंतीवर गरोदर बायांची यादी, प्रत्येकीच्या नावापुढं तिच्या सासूचं नाव, कारण सासूला समजावल्याशिवाय सून दवाखान्यात येत नाही, असं तिचं म्हणणं. मी होते तेवढ्यात एक बाई लेकराला दाखवायला आली. लुंबिनीनं लेकराला उचललं आणि म्हणाली, "ही बघ अख्तरी, पायाळू आली होती. घाम फुटला मला." ती हसली तेव्हा मला आमच्या खोलीतली लुंबिनी दिसली. नंतर तशी दिसली नाही.

पडताळणीचा अहवाल फिरत फिरत चौदाव्या महिन्यात पोचला. तिला बोलावून पत्र दिलं. माहिती दडवून शासनाची दिशाभूल केल्याबद्दल सेवा समाप्त. तिनं चाव्या, रजिस्टर, बीपीचं यंत्र मोजून ताब्यात दिलं आणि संध्याकाळच्या गाडीनं अर्धापूरला गेली.

ते कळल्यावर मी आठ दिवस जेवले नाही, असं म्हटलं तर खोटं होईल. जेवत होते, कामावर जात होते. पण नवव्या दिवशी रजा टाकली आणि अर्धापूरला गेले. लुंबिनीला म्हणाले, "मी साक्ष देते." ती म्हणाली, "आता?" तरी काकांनी आम्हा दोघींना लातूरला आनंदराज वकिलांकडं नेलं. ते काकांच्या नात्यातले, कामाला चोख आणि बोलायला स्पष्ट. त्यांनी सगळे कागद वाचले आणि विचारलं, "आता नवीन काय हाय?"

"मी होते तिथं," मी म्हणाले. "म्हातारीनं दिलं तेव्हा. मी बघितलं. मीच घे म्हणाले."

काका माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसले होते. ते उठले, बाहेर गेले आणि अंगणातल्या नळाजवळ उभे राहिले. खिडकीतून मला त्यांची पाठ दिसत होती.

आनंदराज वकिलांनी पेन खाली ठेवलं. "सिस्टर, तुम्ही खटल्यात आला असता तर ही पोरगी सन्मानानं सुटली असती. आता खटला संपलाय. सुटलेल्या माणसाला, मला अजून चांगलं सोडा, असं म्हणत वरच्या कोर्टात जायला मुदत असते, ती गेली. आणि आज तुम्ही बोलला तर पहिला सवाल काय येईल? बारा वर्षं कुठं होता?"

"मग ते नाव निघायचा रस्ता काय?" लुंबिनीनं विचारलं.

"आपल्याकडं नोंद पुसायची म्हणून वेगळी वाट न्हाई, बाई. अल्पवयीन असतीस तर गोष्ट वेगळी. हायकोर्टाला विनंती करता येईल की निकालातला तेवढा शब्द काढा आणि नोकरीवर परत घ्या. त्यासाठी त्या म्हातारीची लेक पाहिजे. ती म्हणाली की दागिने चोरलेले नव्हते, तर कुणीतरी ऐकून घेईल. पण तू रकान्यात नाही लिहिलंस. त्याला माझ्याकडं औषध न्हाई."

लक्ष्मम्माला शोधायला आम्हाला तीन रविवार लागले. निलंग्याकडं विचारत गेलो तर कळलं, नवरा वारल्यावर ती माहेरच्या गावाच्या पुनर्वसनात राहायला आली. जुनं गाव सोडून चार किलोमीटरवर एकसारख्या घरांच्या ओळी होत्या. प्रत्येक घरावर रंगानं नंबर लिहिलेला. लक्ष्मम्मा दारात ज्वारी पाखडत होती. पन्नाशीची असेल. लुंबिनीनं आपलं नाव सांगितलं तेव्हा तिच्या हातातलं सूप तसंच राहिलं.

"बौद्धाची पोर. पांढऱ्या साडीची," ती म्हणाली. "आईनं नाव सांगितलं होतं. मी सोलापूरला पोचले तेव्हा ती जिती होती. म्हणाली, लुंबिनीकडं ठिवलंय, घे जाऊन. मी आले तवर तुला धरून नेलं होतं."

"मग तुम्ही सांगितलं न्हाई कुणाला?" लुंबिनीनं विचारलं.

"सांगितलं की. चौकीवर गेले. म्हणलं, त्या पोरीला सोडा, आईनंच दिलं. त्यांनी एका कागदावर अंगठा घेतला आणि जा म्हणाले. काय लिहिलं, मला काय ठाव? मला वाटलं, सोडली असंल तुला."

"समन्स आलं न्हाई?"

"कुठं येणार, बाई? गावच कुठं होतं?"

समन्सावर तिचा पत्ता म्हणून आईचं जुनं गाव लिहिलेलं होतं. शिपाई ढिगाऱ्यापर्यंत जायचा आणि पत्ता सापडत नाही असं लिहून परत यायचा. कोर्टातल्या कुणालाच ते कधी खटकलं नाही. नवं गाव तिथून दिसत होतं.

लक्ष्मम्मानं आम्हाला जेवू घातलं. जेवताना ती माझ्याकडं बघत म्हणाली, "दोघी होत्या, असं म्हणायची आई. दुसरी तूच का?" मी मान हलवली. तिनं भाकरी वाढली.

तिनं लातूरला येऊन प्रतिज्ञापत्र केलं. मीही केलं. आनंदराज वकिलांनी औरंगाबादच्या वकिलाकडून अर्ज दाखल केला. वर्षभरानं तो सुनावणीला आला आणि दोन तारखांत संपला. मूळ निकाल अंतिम झाला आहे आणि नोकरी गेली ती अटकेमुळे नव्हे, माहिती दडवल्यामुळे, असं ठरलं. मला खात्यानं एक नोटीस दिली, खुलासा मागवला, मी लिहून दिला. पुढं काही झालं नाही. मी आजही नोकरीत आहे.

साहेबरावकाका त्यानंतर सहा वर्षं जगले. मी घरी गेले की बसायला चटई टाकायचे, सरजामावशीला चहा ठेवायला सांगायचे. फक्त "पोरी" म्हणायचं त्यांनी सोडलं. "सिस्टर, चहा घ्या," म्हणायचे. मी त्यांची क्षमा मागितली नाही. मागितली असती तर त्यांना माफ करावं लागलं असतं आणि तेवढी ताकद त्यांच्यात उरली नव्हती.

लुंबिनीचं लग्न झालं नाही. दोन ठिकाणी जमत आलं होतं, दोन्ही वेळा कुणीतरी जाऊन सांगितलं.

मग लातूरला क्लासेसचं पीक आलं. डॉक्टर व्हायला नांदेड, परभणी, बीड, सोलापूरहून पोरं-पोरी यायला लागल्या. ज्याच्याकडं रिकामा मजला, तो हॉस्टेल काढू लागला. किशनराव नावाच्या एका गृहस्थांनी ऐंशी मुलींचं हॉस्टेल काढलं. त्यांना रेक्टर म्हणून बाई हवी होती, नर्सिंग झालेली असेल तर उत्तम. लुंबिनीनं त्यांना पहिल्याच भेटीत सगळं सांगितलं. ते म्हणाले, "कोर्टानं सोडलंय ना? मग झालं."

ती तिथं नऊ वर्षं राहिली. पहाटे पाचला मुलींना उठवायची, कुणाचा ताप, कुणाची पाळी, कुणाचा निकाल. परीक्षेच्या दिवसांत मुली जेवायच्या नाहीत, तेव्हा ती ताट घेऊन एकेकीच्या टेबलाशी उभी राहायची. एकदा जेबा नावाच्या मुलीनं दार आतून लावून घेतलं. लुंबिनी चार तास दाराबाहेर बसून तिच्याशी भाकरीच्या पिठाविषयी, आईविषयी, वाट्टेल त्याविषयी बोलत राहिली आणि शेवटी दार उघडलं. त्या नऊ वर्षांत मला वाटायचं, जाऊ दे, तिला तिची जागा मिळाली.

दोन हजार एकोणीसमध्ये मुलींच्या सगळ्या हॉस्टेलांकडं कर्मचाऱ्यांचं पोलीस पडताळणी प्रमाणपत्र मागायला सुरुवात झाली. दुसऱ्या कुठल्या तरी गावात काही प्रकार घडला होता आणि पालक घाबरले होते. मागणी चुकीची होती असं मी म्हणणार नाही. माझी मुलगी तिथं असती तर मीही मागितलं असतं. लुंबिनीनं अर्ज केला. प्रमाणपत्राऐवजी तिला कार्यालयात बोलावणं आलं. मी बरोबर गेले.

खिडकीमागचा कर्मचारी तरुण होता, वागायला सभ्य. त्यानं संगणकाचा पडदा आमच्याकडं वळवला. लुंबिनी साहेबराव जोंधळे, वय वीस. खाली गुन्ह्याचा नंबर, कलमं, अटकेची तारीख. सगळ्यात शेवटी, निर्दोष, संशयाचा फायदा.

"प्रमाणपत्र देतो मॅडम, पण हे त्यात लिहून येणार," तो म्हणाला.

"हे खोडता येत न्हाई का?"

"खोडायची सोयच नाही इथं. नवीन काही टाकायचं असेल तर टाकता येतं."

मी माझ्या आणि लक्ष्मम्माच्या प्रतिज्ञापत्राच्या नकला पुढं केल्या. त्यानं त्या वाचल्या, खरंच वाचल्या, आणि परत दिल्या. "हे कुठं जोडायचं, असा रकानाच नाही, मॅडम."

किशनरावांनी प्रमाणपत्र बघितलं. "मॅडम, मला माहीत हाय. पण हे फाइलला लावावं लागतं आणि पालक फाइल बघतात. चोरी हा शब्द बघितला की पुढचं कोण वाचतं?" त्यांनी दोन महिन्यांचा जादा पगार दिला. ती निघाली तेव्हा मुली क्लासला गेल्या होत्या. किशनरावांनीच ती वेळ ठरवली होती.

आता लुंबिनी अर्धापूरला असते, सरजामावशीजवळ. मावशीला दिसायला कमी झालंय. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसांची देखभाल करायला लोक घरी बाई ठेवतात, ते काम ती करते, मिळेल तेव्हा. मागच्या महिन्यात मी तिला नांदेडातल्या माझ्या ओळखीच्या एका घरी नेलं. सासूला अर्धांग झालेलं, सून शाळेत शिक्षिका. जाताना रिक्षात मी तिला म्हणाले, "आज नको सांगूस. खाजगी घर आहे, कुणी फॉर्म मागत नाही."

ती म्हणाली, "एकदा होय लिहिलं, एकदा नाही लिहिलं. दोन्ही करून झालं, अख्तरी. आता तोंडानं सांगते. नंतर कळून घालवण्यापेक्षा आधी घालवलेलं बरं."

त्या घरात तिनं आधी म्हातारीला कुशीवर वळवून पाठीचे व्रण बघितले, गादी कशी हवी ते सुनेला सांगितलं. सून खूश झाली, उद्यापासूनच या म्हणाली. मग लुंबिनीनं सांगितलं. सून ऐकत राहिली. मी मधेच म्हणाले, "ताई, ही खरी आहे, मी साक्षीदार आहे." सून माझ्याकडं बघून हसली, माणसं पाहुण्यांकडं बघून हसतात तशी. ती आत गेली, नवऱ्याशी काहीतरी बोलली, बाहेर आली आणि म्हणाली, "आम्ही कळवतो हं."

खाली रस्त्यावर आल्यावर लुंबिनीच्या फोनवर सरजामावशीचा आवाज आला. मोठ्यानं बोलायची सवय, मलाही ऐकू येत होतं.

"जमलं का गं?"

"न्हाई."

"सांगितलंस का?"

"हाव."

मावशी म्हणाली, "ये मग. पाचची गाडी धर, नंतर गर्दी होती."

मी तिला स्टँडपर्यंत सोडलं. माझी संध्याकाळची ड्यूटी होती, मला जावं लागलं.